कॅमेरे जोडा, पण थेट चित्रण वाटू नका



परिसरात सोनसाखळी हिसकावली गेली किंवा पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली की गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एक ठराव हमखास येतो: सगळ्या कॅमेऱ्यांचे चित्रण अ‍ॅपवरून प्रत्येक सभासदाला थेट दिसू द्या, शेजारच्या सोसायट्यांचे कॅमेरेही त्यात जोडा. आमच्याकडेही तो आला आहे. त्यामागची काळजी खरी आहे. संध्याकाळी फिरायला निघालेल्या वयस्कर बायका मंगळसूत्र पदराखाली झाकून चालतात, हे मी रोज पाहते. तरीही या ठरावाला माझा ठाम विरोध आहे. शेजाऱ्यांचे कॅमेरे एकमेकांच्या कामी जरूर यावेत. पण घटना घडल्यावर, तेवढ्या वेळेचे चित्रण पोलिसांच्या हाती देऊन.

थेट चित्रण पाहणार कोण? रात्री दोन-तीन वाजता चोर कुंपणावरून उडी मारतो तेव्हा सगळे सभासद गाढ झोपेत असतात. दिवसा रिकामा वेळ असलेले चार जण मोबाइल उघडतात आणि त्यांना दिसते ते वेगळेच. कोणाची मुलगी किती वाजता आली, कोणाकडे कोण उतरले आहे, धुणीभांड्याच्या मावशींच्या पिशवीत काय आहे. या मावशींना किंवा रखवालदाराला सभेत मत नसते. नजर मात्र सर्वांत जास्त त्यांच्यावर राहते. शिवाय कोण बॅगा घेऊन गावी निघाले, हेही शेकडो मोबाइलवर दिसणार. भाडेकरू बदलतात, पासवर्ड तोच राहतो. पाळत ठेवणाऱ्या चोराला याहून सोयीचे काय हवे? कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि चित्रण साठवणारे डीव्हीआर २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने जगभर ताब्यात घेतले होते, हेही विसरू नये.

याहून मोठा धोका आहे तो संशयाचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी माणसे होती ती. त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत दुचाकीवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेताना दिसत. प्रत्यक्षात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फीत होती; मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून ती पुढे पाठवली जात होती. ‘हा माणूस संशयास्पद वाटतो’ असे लिहून गेटवरच्या अनोळखी चेहऱ्याचे चित्र ग्रुपवर टाकणाऱ्याने हे आठवावे. तो माणूस पत्ता शोधणारा कुरिअरवाला असू शकतो. नंतर खुलासा करून ते चित्र परत घेता येत नाही.

पुराव्याच्या दृष्टीनेही हा मार्ग चुकीचा आहे. जालन्यातल्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल जराही बदलली की बदलणारा संकेतांक) नोंदवावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवताना फाइल आकुंचित होते, म्हणजे ती मूळ फाइल राहतच नाही. मूळ चित्रण डीव्हीआरमध्ये असते आणि काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. ग्रुपवर चर्चा रंगेपर्यंत खरा पुरावा पुसला गेलेला असतो.

म्हणून आधी साध्या गोष्टी करू या. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. सकाळी पाहावे तर पांढऱ्या धाग्यांपलीकडे काही दिसत नाही. दर आठवड्याला भिंगे पुसावीत. डीव्हीआरचे घड्याळ तपासावे, कारण अर्ध्या तासाच्या फरकाने तपास भलतीकडे जातो. कॅमेऱ्यांचा रोख गेट, पार्किंग आणि जिन्यावर असावा, कोणाच्या दारा-खिडकीवर नको. पासवर्ड दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडेच असावा आणि चित्रण कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची वहीत नोंद व्हावी. शेजारच्या सोसायट्यांनी कोणता कॅमेरा कोणता रस्ता टिपतो याची यादी करून ती पोलीस चौकीत द्यावी. पळालेल्या दुचाकीचा माग काढायला ही यादी खरोखर उपयोगी पडेल.

सहकार खाते आणि पोलिसांनी मिळून सोसायट्यांसाठी अशी एकपानी कार्यपद्धती काढावी. तोवर सभासदांनी थेट चित्रणाचा ठराव फेटाळावा आणि डीव्हीआरची जबाबदारी कोणाकडे राहील, हे त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

— गृहनिर्माण संस्थेची एक सभासद, पुणे