प्रेक्षकाच्या नावाने बोलणारे

(थ्रेड)

दिवसभराचे काम आटोपून जमेल तेवढे पाहणारा, ‘हा चित्रपट आवडला, ती मालिका दोन भागांनंतर सोडली’ इतकेच सांगणारा प्रेक्षक दोन्हीकडून झोडपला जातो. समीक्षक म्हणतो, त्याला कळत नाही. निर्माता म्हणतो, त्याला हेच लागते. वरवर ही मते परस्परविरोधी आहेत. पण दोहोंचे मूळ एकच. प्रेक्षकाला न विचारता त्याच्या वतीने बोलण्याची ही सवय शंभर वर्षांची आहे.

१९२७ साली ब्रिटिश सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. अमेरिकी चित्रपटांना आवर घालून साम्राज्यातील चित्रपटांना वाट करून द्यावी, हा सरकारचा मनसुबा. समितीने देशभर प्रश्नावल्या धाडल्या, शेकडो साक्षी नोंदवल्या. दादासाहेब फाळक्यांचीही त्यांत साक्ष आहे. प्रश्नावली गांधीजींकडेही गेली. आपण एकदाही चित्रपट पाहिलेला नाही, असे त्यांनी कळवले आणि तरीही चित्रपटाने केलेली हानी उघड असल्याचे लिहिले! न पाहणाऱ्याचे मत सरकारदरबारी नोंदले जाते आणि चार आण्यांचे तिकीट काढून आठवड्याला जाणाऱ्याच्या मताला गावंढळ ठरवले जाते, हा उलटा न्याय तेव्हापासूनचा. मात्र समितीने आपल्याकडून प्रेक्षकाकडे पाठ फिरवली नाही. भारतीय चित्रपट लोकांना हवे आहेत, हे तिला सर्वत्र दिसले. साम्राज्यातील चित्रपटांना खास सवलत देण्याची कल्पना १९२८ च्या अहवालाने नाकारली. युरोपीय सदस्यांनी भिन्न मत नोंदवले आणि सरकारने अहवाल बासनात बांधून ठेवला.

पुढे ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो त्यानंतर, १९३७ साली. आधी कोणाला कळले, हे निराळे सांगायला नको. आणि या प्रेक्षकाला केवळ देव नि चमत्कार हवे असतात म्हणावे, तर त्याच १९३७ साली जरठ-कुमारी विवाहाला नकार देणाऱ्या ‘कुंकू’च्या नीरेलाही त्यानेच उचलून धरले.

‘शोले’ची कथा सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १५ ऑगस्ट १९७५ ला तो झळकला. पहिल्याच आठवड्यात व्यवसायातील जाणत्यांनी त्याला अपयशी ठरवले, परीक्षणेही कडवट आली. शेवट बदलावा का, इथवर चर्चा गेली. प्रेक्षक मात्र संवाद पाठ करून घरी जात होते. अखेर संवादांच्या ध्वनिमुद्रिका काढाव्या लागल्या. मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला.

दूरचित्रवाणीवरील दाखला याहून बोलका आहे. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ‘हम लोग’ ही कुटुंबनियोजनाचा प्रचार करण्यासाठी योजलेली मालिका. पहिले काही भाग उपदेशाने इतके जड झाले की लोक कंटाळले. तेव्हा उपदेश पातळ करून मनोहर श्याम जोशींना कथा पुढे न्यावी लागली. मग पत्रांचा पाऊस पडला. सोसत राहणारी भागवंती ही गृहिणी योजनाकर्त्यांच्या लेखी टाळण्याजोगे उदाहरण होती. पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले. योजनाकर्त्यांना हा विपर्यास वाटला. तो विपर्यास असेलही, पण आज्ञाधारकपणा खचितच नव्हता. पडद्यावरचे मुकाट गिळणारा प्रेक्षक असे वागत नाही.

तो चुकतही नाही काय? चुकतो. ‘कागज के फूल’ १९५९ साली त्याने पाडला आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून कोणत्याही चित्रपटाला आपले नाव दिले नाही. हा डाग पुसण्याजोगा नाही. परंतु त्या वर्षी समीक्षकांनी तरी त्याला कुठे डोक्यावर घेतले होते? चूक दोघांची, पण अडाणी मात्र एकटा प्रेक्षक ठरला.

आता मताची जागा आकड्याने घेतली आहे. २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे सुमारे २१ कोटी होती. त्यांच्या आवडीचा निवाडा होत होता जेमतेम ४४ हजार घरांतील यंत्रांवरून. नमुना पाहणीचे शास्त्र मान्य केले तरी ते यंत्र संच कोणत्या वाहिनीवर चालू होता आणि घरातील कोणी आपण पाहत असल्याचे बटण दाबले होते, एवढेच सांगते. समोर बसलेला रमला होता, वैतागला होता की पोळ्या लाटत होता, हे त्याला उमगत नाही. तरी त्याच आकड्याच्या आधारे सासू-सुनांची कारस्थाने वर्षानुवर्षे लांबवली जातात आणि खापर फुटते ते ‘लोकांच्या आवडी’वर.

ऑक्टोबर २०२० मध्ये, मुंबईतील टीआरपी प्रकरणानंतर, वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध होणे थांबले. ते पुन्हा आले मार्च २०२२ मध्ये. दीड वर्षाच्या आसपास ‘प्रेक्षकांना हेच हवे’ म्हणायला हाताशी आकडाच नव्हता. रात्रीच्या चर्चांतला आरडाओरडा मात्र एका पट्टीनेही खाली आला नाही.