गाण्याखाली नाव कुणाचं?

केज तालुक्यातल्या एका शिबिरात रात्रीच्या जेवणानंतर नेहमीप्रमाणे गाणी सुरू झाली. डफ होता, टाळ्या होत्या, सगळ्याजणी घसा मोकळा करून गात होत्या. कोपऱ्यात ऊसतोडीला जाणारी पन्नाशीची एक बाई बसली होती. तिला आग्रह केला तर म्हणाली, "मला तुमच्यावानी येत न्हाई. जात्यावरचं येतं." मग मान खाली घालून, डोळे मिटून तिनं ओवी धरली. आवाज इतका हळू की पुढे सरकून ऐकावं लागत होतं. आई गेल्यावर माहेरची वाट कशी बुजते, असं काहीसं होतं त्यात. चार-पाच ओव्यांनंतर खोलीतली शांतता जड व्हायला लागली आणि मीच म्हणाले, "छान, मावशी! आता एखादं जोशाचं होऊ द्या." टाळ्या पडल्या. ती गप्प बसली. शिबिराचे उरलेले दोन दिवस ती पुन्हा गायली नाही.

मैत्रिणींनो, हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. ही आपली सगळ्यांचीच सवय आहे, म्हणून लिहिते आहे. चळवळीच्या गाण्यांनी आपल्याला उभं केलं. १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आलं आणि गावोगाव पोचलं, तेव्हा गाण्याची ताकद आपण डोळ्यांनी पाहिली. पण त्याबरोबर एक अलिखित नियमही रुजला : गाणं रडकं असेल तर शेवटच्या कडव्यात मूठ उंचावलीच पाहिजे. नुसतं दुःख गाणारी बाई आपल्याला 'अजून जागी न झालेली' वाटते.

पुण्यात शिकणारी माझी पुतणी दिवाळीत घरी आली होती. कानात सदा ते बोंडूक. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर तिनं एक माझ्याही कानात घातलं. जोनी मिचेल या कॅनडातल्या गायिकेचा 'ब्लू' हा १९७१ सालचा अल्बम. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. साथीला बहुतेक ठिकाणी एखादीच गिटार नाहीतर पियानो. मला इंग्रजी गाणी कळत नाहीत, पुतणीनं अर्थ सांगितला. त्यात एक गाणं आहे, 'लिटल ग्रीन' नावाचं. १९६५ साली लग्नाआधी झालेली मुलगी या बाईनं दत्तक दिली होती, तिच्यासाठीचं. हे कुणासाठी आहे ते लोकांना कळलं थेट १९९०च्या दशकात. १९९७ साली मायलेकी भेटल्या. तोवर इतकी वर्षं ते गाणं सगळ्यांसमोर वाजत होतं आणि तरी तिचं गुपित तिच्याजवळच राहिलं होतं.

मला एकदम जातं आठवलं. ओवीचं नेमकं हेच तर असतं. पहाटे घर झोपलेलं, सासू पलीकडे, आणि जात्याची घरघर अशी की शब्द बाहेर पुरते ऐकू जात नाहीत. खुंट्याला धरलेली दुसरी बाई तेवढी ऐकते. पहिल्या ओव्या देवाला, मग भावाला, आईला, आणि मग हळूच स्वतःच्या जिवाचं. चाल ठरलेली, ओळी पुष्कळदा ऐकीव. पण कुठली ओळ कुठं जोडायची, कुणाचं नाव घालायचं, कुठं थांबायचं हे जिचं तिचं. रचणारी तीच, गाणारीही तीच. 'ब्लू' ऐकणारे त्याला आत्मकथन म्हणतात. आमच्याकडे त्याला 'लोकगीत' म्हणतात आणि खाली छापतात : पारंपरिक.

हा शब्द मला आता टोचतो. आपला बीड जिल्हा म्हणजे मराठीतल्या आद्यकवीचा जिल्हा, असं आपण अभिमानानं सांगतो. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. ठेवावीच. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईचं दळण-कांडण तिच्या नावानिशी आपल्यापर्यंत आलं, कारण तिनं अभंगाच्या शेवटी स्वतःला 'जनी' म्हणून घेतलं. तेही पुन्हा नामयाची दासी म्हणूनच. बाकीच्या दळणाऱ्या बायकांनी नाव घातलं नाही, तर आपणही ते विचारलं नाही.

ज्यांनी विचारलं त्यांचं काम बघा. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांबरोबर ओव्या लिहून घेतल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका. आणि ओवीशी गाणारीचं नाव व गाव. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं त्या लोकांसमोर आणल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यात सीतेचा वनवास गातात. तो आवाज ऐकल्यावर 'आता जोशाचं होऊ द्या' असं म्हणायची कुणाची छाती होईल? आणि आपल्याच माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या ओव्या गायल्या. सासर-माहेर म्हणजेच ओवी, असं धरून चालणाऱ्या आपल्यासारख्यांना हा चांगला धडा आहे. जात्यावर राजकारणही होतं, आपण यायच्या आधीपासून.

कुणी म्हणेल, जात्याचे गोडवे काय गाता? नाही गात. गिरणी आली तेव्हा बायकांचे खांदे सुटले, ते बरंच झालं. पण जात्याबरोबर तो पहाटेचा तास गेला, त्याच्या बदली दुसरा कुठला मिळाला? ऊसतोडीच्या बाईचं बघा. पहाटे तीनला उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेणारा तो, मुकादमाच्या वहीत बहुतेक करून त्याचंच नाव. २०१९ साली सरकारी समितीपुढं आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या आकड्यावर आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण त्यातल्या एकीनं जरी त्याविषयी हळू आवाजात काही रचलं असेल, तर ते ऐकायला आपल्या कार्यक्रमपत्रिकेत जागा आहे का? कामाच्या वहीत तिचं नाव नाही, गाण्याखालीही नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या संघटनांच्या गाण्यांच्या पुस्तिकांमधून 'पारंपरिक' हा शब्द काढून टाका. जिच्याकडून घेतली तिचं नाव, गाव आणि साल लिहा. ती नको म्हणाली तर तसं लिहा. दहा गावांत तीच ओवी सापडली तर दहा नावं लिहा, कागद काही एवढा महाग नाही. शिबिरात एक संध्याकाळ डफाशिवाय ठेवा. आणि कुणी गाऊन थांबली की लगेच टाळ्या वाजवू नका. तिचं झालं की नाही, ते तिलाच ठरवू द्या.

पुतणीनं त्या दिवाळीत माझ्या सासूबाईंना फोनसमोर बसवलं. आधी लाजल्या, मग अर्धा तास थांबल्याच नाहीत. भरवायचं जातं नव्हतं, तर हातानं मांडीवर गोल फिरवत होत्या. शेवटी पुतणीनं विचारलं, "आजी, नाव काय टाकू?" सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हितलं नगं. माहेरचं टाक." आणि त्यांनी एक नाव सांगितलं. तीस वर्षं मी त्या घरात सून आहे. ते मी पहिल्यांदाच ऐकलं.