घाणा बेताचा

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत पावाचे पीठ मळणारे यंत्र आहे. त्याचा लोखंडी आकडा पृथ्वीसारखा स्वतःभोवती फिरता फिरता भांड्यातून प्रदक्षिणाही घालतो. परवा यंत्राने मान टाकली. घट्ट पिठाचा दुप्पट घाणा, त्यात चालू यंत्राचा गिअर बदललेला. आतले दाते तुटले!

“महिनाभर कुरकुरत होते, प्रोफेसरसाहेब! ऐकतो कोण?” म्हातारा मिस्त्री म्हणाला.

आता तिथे पाटी लागली आहे : घाणा बेताचा, गिअर यंत्र थांबवूनच, पुसण्याआधी वीज बंद.

घरी आलो. चकल्यांचा चौथा घाणा चालला होता. सौ. कुरकुरत नव्हती, नुसती मनगट चोळत होती. मी मुकाट्याने सोऱ्या हाती घेतला.