अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुली आणि शाळेची शिस्त

वर्णानुसार वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. तीन वर्षांनी लिटल रॉक येथील सेंट्रल हायस्कूलमध्ये लष्कराच्या पहाऱ्यात जी नऊ कृष्णवर्णीय मुले दाखल झाली, त्यांत सहा मुली होत्या, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्यांतील मिनिजीन ब्राऊन हिला धक्काबुक्की व शिवीगाळ सोसावी लागली. तिने प्रत्युत्तर दिले तेव्हा फेब्रुवारी १९५८ मध्ये शाळेने तिलाच काढून टाकले. न्यायालयाने दिलेला प्रवेश शिस्तीच्या नावाखाली हिरावून घेता येतो, हे तेव्हाच दिसले.

ती रीत अद्याप चालू आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१७-१८ मध्ये सरकारी शाळांतील मुलींत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १५ टक्के होते. मुलींना तात्पुरते वा कायमचे शाळेबाहेर काढण्याच्या शिक्षांत मात्र त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा होता. वर्तन सारखे असूनही गोऱ्या मुलींपेक्षा त्यांना कठोर शिक्षा होते. आणि अपराध तरी कोणते? अवज्ञा, उद्धटपणा, वर्गात व्यत्यय. म्हणजे शिक्षकाने म्हटले तर अपराध. केसांच्या वेण्यांवरूनही मुलींना अडविले जाते. ते थांबविण्यासाठी कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदा करावा लागला! जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या २०१७ च्या पाहणीत आढळले की, पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगीही मोठ्या माणसांना वयाहून प्रौढ, माया व संरक्षण यांची कमी गरज असलेली वाटते.

तथापि सारा दोष शिक्षकांच्या मनोवृत्तीवर टाकून भागणार नाही. तेथील शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि या विषम व्यवस्थेला १९७३ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने अभय दिले. समुपदेशक वा परिचारिका नाही, पण पोलीस आहे, अशा शाळांत लक्षावधी मुले शिकतात. ओकलंडसारख्या शहरांनी भांडणानंतर मुलांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याची पद्धत अवलंबिली. तिला प्रशिक्षित माणसे लागतात, म्हणजेच पैसा लागतो. मुलीला घरी धाडण्यास काहीच लागत नाही.

शिक्षेतील भेदभाव बेकायदेशीर असल्याची समज देणारे परिपत्रक केंद्र सरकारने २०१४ साली काढले. २०१८ साली ते मागे घेतले. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्याचे जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्याचे आणि शाळांतील भेदभावाच्या तक्रारी तपासणाऱ्या १२ प्रादेशिक कचेऱ्यांपैकी सात बंद करण्याचे जाहीर झाले. मुलीला अन्यायाने घरी बसविल्याची तक्रार घेऊन पालकांनी जावे, ते याच कचेऱ्यांकडे.