प्रेतास अग्नी द्यावयास संमती कोणाची?

घरात मर्तिक झाले की आमच्या खेड्यापाड्यांत पहिला प्रश्न निघतो तो 'आता किती वेळ ठेवायचे?' हा. भावकीतला जाणता एक सांगतो, सोयरा दुसरेच सांगतो, भटजी पंचक लागले की नाही ते पाहतो. आणि जिचा नवरा गेला ती बाई कोपऱ्यात पडून असते, तिला कोणी विचारीत नाही. दोन घटकांत तिरडी उठते, सरण पेटते. मग तीन महिन्यांनी तीच बाई तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी खाते यांच्या दारी एकेका कागदासाठी हेलपाटे घालते. हे असे का होते आणि ते कसे टळेल, याचा आमच्या वाचकांनी शांत डोक्याने विचार करावा, म्हणून आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

मृतदेहाचा मालक अमुकच, असे एका कलमात सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. प्रेत म्हणजे काही बैल किंवा बांध नव्हे की त्याचा सातबारा निघावा. वहिवाट मात्र सरळ आहे. नवरा, बायको, मुले, आईबाप ही मयताची जवळची माणसे. दवाखाना किंवा पोलीस प्रेत देतात ते त्यांच्या सहीवर. भटजीची, जातपंचांची किंवा चुलतभावाची मंजुरी कोणत्याही कायद्याने मागितलेली नाही. जातपंचांनी वाळीत टाकून मर्तिक अडविले, तर त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. दलित बांधवांस गावच्या स्मशानात येण्यास अडविणे हा तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. दवाखान्याच्या बिलासाठी प्रेत अडकवून ठेवण्याचीही कोणास मुभा नसावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत प्रेत मिळण्याचा नातेवाइकांचा हक्क स्पष्ट लिहिला आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. आपले प्रेत जाळू नये, मीठ घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. ते २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास वारले. पण राहत्या वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, आणि दहनच करावे लागले. पुढे टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तक मुलाविरुद्ध भाऊबंदांनी तंटा मांडला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. मयताची इच्छा मोठी खरी, पण जागेचे व सार्वजनिक आरोग्याचे नियम तिच्या आड येऊ शकतात. आणि बायकोने पुढे व्हायचे नाही, हे ज्यांस शास्त्र वाटते, त्यांचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

सरकारनेच संमती गुंडाळून ठेवली तर काय होते, हे २०२० साली उत्तर प्रदेशात हाथरस येथे दिसले. अत्याचारानंतर मरण पावलेल्या एका दलित मुलीचे प्रेत सप्टेंबरअखेर पोलिसांनी रात्रीच जाळले. आईबापांस तोंडही पाहू दिले नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने आपण होऊन हे प्रकरण हाती घेतले आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा हक्क आहे, असे धरले. गरिबाच्या प्रेतालाही अब्रू आहे, ती फौजदाराच्या सोयीने ठरत नाही, असा याचा अर्थ.

येथपर्यंत संमतीचा हक्क सांगितला. आता त्याची मर्यादा सांगणेही आमचे कर्तव्य आहे. साप चावला, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडला, औषध प्याला, जळून मेली, असे मरण असेल तर घरच्यांच्या संमतीनेही लगेच अग्नी देता येत नाही. अशा मरणाची खबर देणे हे पोलीस पाटलाचेच नव्हे, गावातल्या प्रत्येक रहिवाशाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पंचनामा व्हावयाचा, जरूर तर शवविच्छेदन व्हावयाचे, मग प्रेत ताब्यात मिळावयाचे. लग्नाला सात वर्षे झाली नाहीत अशी लेक सासरी आत्महत्या करून किंवा संशयास्पद रीतीने मेली, तर कायद्याची नजर अधिक कडक आहे. 'पोरगी गेली, आता गाजावाजा नको' असे म्हणणारा पाहुणा कोणाचे हित पाहतो, हे बापाने ओळखावे. पुरलेले प्रेत दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने उकरून तपासता येते. जाळलेल्या प्रेताची राख साक्ष देत नाही.

प्रेत फाडू देणे म्हणजे विटंबना, अशी समजूत आहे. त्या दुःखाची आम्हांस कल्पना आहे. परंतु शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, त्या अर्जाचे पाय म्हणजे बहुधा हा पंचनामा आणि हा अहवाल. ते नसले की विधवा हात हलवीत परत येते. भावकी तेव्हा तिच्याबरोबर कचेरीत येत नाही.

मरण नैसर्गिक असो वा नसो, त्याची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत करावी. पुढे विलंब शुल्क लागते, आणि वर्ष लोटले तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमापर्यंत जावे लागते. वारस नोंद, विमा, निराधार बाईचे अनुदान, सर्वांचे कुलूप या एका दाखल्याने उघडते.

तेव्हा आमच्या शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, कोष्टी बांधवांस एवढेच सांगणे आहे: तिरडी बांधण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्या. मरण कसे आले ते खरे सांगावे. पोलीस पाटलास किंवा ग्रामसेवकास खबर द्यावी. आणि जिचे कुंकू पुसले, तिला जवळ बसवून, 'बाई, तुझे काय म्हणणे आहे?' असे विचारावे. मुहूर्त टळला तर कोणाचे बिघडत नाही. हे तीन टळले तर मागे राहिलेल्यांचा संसार बुडतो.