लेण्याद्रीचे डोंगरमाळ पडीक नाहीत : मागणीपत्र

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, जुन्नर वन विभाग
प्रत : तहसीलदार, जुन्नर व आंबेगाव, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

विषय : गवताळ माथे व कातळकड्यांवरील मूळ वनस्पतींचे रक्षण आणि चराईची व्यवस्था

महोदय,

लेण्याद्री-शिवनेरीपासून नाणेघाट, दुर्गवाडी, आहुप्यापर्यंतच्या पशुपालकांची, शेतकऱ्यांची आणि वनस्पती अभ्यासकांची ही संघटना. डोंगर उघडा दिसला की तिथे झाडे लावायची, असा रिवाज पडला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की इथे काय टिकेल हे पाऊस आणि कातळ ठरवतात. योजना त्यांच्या कलाने आखावी.

घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस लेण्याद्रीला पोचेपर्यंत बराच ओसरतो. माथ्यावर बेसाल्टवर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. श्रावणात ती चिंब असते, शिमग्याला तिचा भुगा होतो. हे दोन्ही सोसतात ती पवन्या, शेडा, मारवेल यांसारखी गवते. दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 साली देशातल्या गवताळ भागांची वर्गवारी केली, तीत दख्खनचा माळ शेडा-मारवेल गटात आहे. वणवे आणि बेसुमार चराई वाढली की ही कसदार गवते हटतात आणि कुसळी माजते. कुसळी कोवळी असताना गुरे ती खातात. बी धरले की तिची टोके मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत रुततात.

कड्यांवरचा संसार आणखी नाजूक. शिंदळ माकुडी फक्त महाराष्ट्रात सापडते आणि शिवनेरी हे तिच्या नोंदलेल्या ठिकाणांपैकी एक. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी तिला शास्त्रीय नाव दिले, ते मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. खडकाच्या फटीत तिचे मांसल खोड उन्हाळाभर निष्पर्ण पडून राहते. पावसात पाने येतात आणि पिवळे ठिपके असलेली किरमिजी, चांदणीसारखी फुले लागतात. उन्हाळ्यात तिला वाळका कचरा समजून कोणी खरवडले, तर फट रिकामी होते.

म्हणून आमच्या मागण्या :

1. गवताळ माथे आणि कातळसडे नोंदींत ‘पडीक’ न दाखवता ‘गवताळ परिसंस्था’ म्हणून दाखवावेत. नाव बदलले की निधीचा हेतूही बदलेल.

2. अशा जागी गिरीपुष्प, सुबाभूळ वा अन्य झाडांसाठी खड्डे घेऊ नयेत, सलग समतल चर खोदू नयेत. वीतभर माती एकदा उलटली की पहिल्या पावसात वाहून जाते. झाडे ओढ्याकाठी व खोल मातीत लावावीत, तीही स्थानिक जातींची.

3. जाळरेषा थंडीतच काढाव्यात आणि वणवा विझवायला गावच्या तरुणांना मजुरी द्यावी. जाळल्याने गवत फोफावते हा समज दूर करण्यासाठी गावागावांत बैठका घ्याव्यात.

4. चराईवर सरसकट बंदी नको, पाळी हवी. एक भाग पवन्याचे बी झडेपर्यंत राखावा, मग कापणी व चराईसाठी खुला करावा. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांसह चराईचा हक्क मान्य केला आहे. पाळी ग्रामसभा आणि मेंढपाळ यांनी मिळून ठरवावी.

5. लेणी व किल्ल्याच्या कड्यांवरील झाडोरा काढण्याआधी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राकडून पाहणी करून घ्यावी. भिंतीला तडे देणारी झाडे जरूर काढावीत. माकुडीला हात लावू नये.

6. घाणेरी, रानमोडी व पिवळा कॉसमॉस बी धरण्याआधी उपटावेत.

7. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार लोकजैवविविधता नोंदवह्यांत गवतांची नावे व वापर गुराख्यांकडून ऐकून लिहावेत.

यातल्या बहुतेक कामांना नव्या योजनेची गरज नाही, चालू योजनांची जागा आणि वेळ बदलावी लागेल. मृग लागण्यापूर्वी आपल्या कार्यालयात संयुक्त बैठक घ्यावी, प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे आणि तोवर माथ्यांवरील नवे खोदकाम थांबवावे, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
लेण्याद्री, ता. जुन्नर, जि. पुणे