करमणूक स्वस्त, हाक महाग

शहरातील सुशिक्षित माणसाला करमणुकीच्या साधनांविषयी मते असतात आणि ती बहुधा ठाम असतात. पुण्याहून घोडेगावला येणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या बोलण्यात हा अनुभव नेहमी येतो. अमुक सेवेवरील मालिका दर्जेदार, पण मध्येच जाहिराती घुसडतात. क्रिकेट एकीकडे आणि चित्रपट दुसरीकडे असल्यामुळे दोन्हीकडे वर्गणी भरावी लागते. नव्या पडद्यावर चित्र सुरेख दिसते, पण आवाजासाठी निराळी पेटी घ्यावी लागली. या साऱ्या तक्रारींच्या शेवटी त्यांचा निष्कर्ष मात्र समाधानाचा असतो. "काही म्हणा, आज मोबाइल आणि करमणूक जवळजवळ फुकटच झाली आहे." २०२४ च्या दिवाळीनंतर एका दुपारी ते असे म्हणाले, तेव्हा खोलीतील कोणीही प्रतिवाद केला नाही. प्रस्तुत लेखकानेही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी एस.टी. स्थानकाजवळच्या रिचार्जच्या दुकानात एक वृद्ध बाई उभ्या होत्या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून आलेल्या. हातात बटणांचा साधा फोन. मुलगा चाकणला कारखान्यात. दुकानदाराने १९९ रुपये सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुठं काय बघायचंय? पोराचा फोन आला की झालं. नुसत्या तेवढ्याचं किती?" दुकानदार अडचणीत पडला. "आजी, तुमच्या कार्डाला याच्या खाली काही नाही. आणि नाही मारला, तर येणारा फोनही बंद पडंल." त्या १९९ रुपयांत दोन जीबी डेटाही होता. बाईंच्या फोनात तो वापरण्याची सोयच नव्हती.

दुपारचे मत आणि संध्याकाळचा प्रश्न यांत विरोध दिसतो. वस्तुतः दोन्ही खरे आहेत, आणि एकाच बाजारपेठेची ती दोन टोके आहेत. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१४ साली एका जीबी डेटाला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, दरयुद्ध पेटले आणि पुढील काही वर्षांत हा दर दहा रुपयांच्या घरात आला. एखाद्या वस्तूची किंमत दहा वर्षांत पंचविसाव्या हिश्श्यावर यावी, असे उदाहरण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला क्वचितच सापडते. आता दुसरी बाजू पाहू. २०१८ च्या अखेरीपर्यंत थोडे पैसे भरून ठेवले की येणारे फोन दीर्घकाळ विनामूल्य मिळत. त्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांना किमान ३५ रुपये अशी अट घातली. एका प्रमुख कंपनीच्या किमान पॅकचा त्यानंतरचा प्रवास असा आहे : डिसेंबर २०१९ मध्ये ४९, जुलै २०२१ मध्ये ७९, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ९९, २०२३ मध्ये १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून अधिक. ३५ रुपयांत बोलण्यावर मर्यादा होती आणि १९९ मध्ये ती नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जिला केवळ ऐकावयाचे आहे, तिला अमर्याद बोलण्याचा काय उपयोग?

त्यातही महिना २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा हप्ते. तेरा गुणिले १९९ म्हणजे २५८७ रुपये. 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८ हजार, हीच जिची नियमित रोकड असेल, तिच्या त्या रकमेचा सातवा हिस्सा फोन जिवंत ठेवण्यात जातो. बरे, फोन सोडून द्यावा, तर बँकेचा निरोप त्यावरच येतो आणि आधारही त्याच क्रमांकाशी जोडलेला असतो.

हे असे का झाले? कंपन्यांचा दुष्टपणा हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. मागणीची लवचिकता शिकविताना आम्ही वर्गात मिठाचे उदाहरण देतो. मीठ महागले म्हणून कोणी अळणी जेवत नाही, म्हणूनच मिठावर कर बसविणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. आमच्या स्नेह्यांची मागणी लवचिक आहे. एका सेवेने वर्गणी वाढविली, तर ते ती बंद करतील, मेहुण्याचा परवलीचा शब्द मागून घेतील किंवा दुसऱ्या कंपनीकडे जातील. त्यांना राखावयाचे, तर दर जपून ठेवावा लागतो, डेटाबरोबर चित्रपट आणि क्रिकेटही 'मोफत' द्यावे लागते. पलीकडच्या बाईंना मात्र पर्याय नाही. एका कंपनीने १२३ रुपयांचा दर ठेवला खरा, पण तो तिच्याच विशिष्ट फोनाशी बांधलेला. शिवाय डोंगरात जिचा मनोरा, तीच कंपनी. कंपन्यांचे दर ग्राहकामागचे सरासरी मासिक उत्पन्न वाढत गेले, त्यात करमणुकीच्या हौसेबरोबर या मिठाचाही वाटा आहे.

पूर्वी असे नव्हते. १९७०–८० च्या काळात टपाल कचेरीत नभोवाणी संचाचा परवाना वर्षाला १५ रुपयांस आणि चित्रवाणी संचाचा ५० रुपयांस मिळे. ज्याच्या घरी केवळ रेडिओ, त्याने दूरदर्शनचा खर्च सोसावा, असे त्या रुक्ष सरकारी पद्धतीलाही वाटले नाही. (निरीक्षक आला की रेडिओ गोधडीखाली लपविणारी घरेही होती, ते असो.) आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे विठाबाईंचे गाव, तमाशाचे माहेरघर. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. ती रक्कम गावच्या वर्गणीतून उभी राहते, आणि तमाशा न पाहणाराही वर्गणी देतो. तेव्हा एकाने दुसऱ्याच्या करमणुकीसाठी पैसे मोजणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. फरक एवढाच, की ती वर्गणी देवळात, चारचौघांत ठरते. कोणाच्या घरी यंदा पिकले नाही, हे पंचांना ठाऊक असते. मोबाइलच्या दरपत्रकाला ते ठाऊक नसते.

त्याच जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे उपग्रह दळणवळण केंद्र उभे राहिले. परदेशाशी संभाषण त्या डोंगरांच्या पायथ्यावरून होऊ लागले. डोंगरावरच्या गावांना मात्र शेजारच्या गावाशी बोलण्यासाठी पुढे कित्येक वर्षे माणूसच धाडावा लागत होता. आणि ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले, तेव्हा ही वार्ता बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने. गाडी घेऊन गेला, तो तेथे गावच दिसेना. दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्या पट्ट्यात पावसाळ्याची प्रत्येक रात्र अशी काढावी लागते, तेथे चालू फोनाला करमणुकीच्या साधनांत मोजणे हा केवळ शहरी नजरेचा दोष आहे.

कंपन्यांची बाजूही आहे. ध्वनिलहरींच्या लिलावात त्यांनी प्रचंड रकमा मोजल्या आहेत, आणि विरळ वस्तीतील मनोरा चालविणे तोट्याचे असते. परंतु नेमक्या याच कारणासाठी २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी स्थापन झाला. आज त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के भाग त्यात जमा होतो. त्यामागील तत्त्व स्पष्ट होते : शहरातील ग्राहकाने थोडा भार उचलावा आणि दुर्गम भागापर्यंत आवाज पोहोचावा. किमान पॅकच्या वाढीने हा प्रवाह उलटा फिरविला आहे. न पाहणारा पाहणाऱ्याचा भार उचलतो आहे.

नियामक प्राधिकरणाला हे उमगले नाही असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्याने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक पॅक ठेवण्यास सांगितले. २३ डिसेंबर २०२४ रोजी त्याने केवळ संभाषण व लघुसंदेश यांचे स्वतंत्र पॅक देण्याचा आदेश काढला. देशात सुमारे १५ कोटी ग्राहक अजून साधा फोन वापरतात, याचीही त्याने दखल घेतली होती. आदेश चांगला होता. मात्र त्यात किंमत ठरविलेली नव्हती, आणि असे पॅक अल्प मुदतीचेही असावेत असे बंधन नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी जे पॅक आणले, ते ८४ दिवसांचे किंवा वर्षभराचे होते. ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास, म्हणजे २८ दिवसांना सुमारे दीडशे. १९९ पेक्षा हे स्वस्तच. पण साडेचारशे रुपये एकदम मोजावयाचे! स्थानकाजवळचा तो दुकानदार सांगतो, की हा पॅक नेतात ते पगारदार, दुसरा क्रमांक राखण्यासाठी. डोंगरावरून येणारी माणसे दर ऐकतात आणि २८ दिवसांचाच मागतात. घाऊक स्वस्ताई ही ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याची, हे किराणा दुकानात आपण रोज पाहतो.

म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. केवळ संभाषणाचा, ३० दिवसांचा, पन्नास-साठ रुपयांच्या आतला एक पॅक प्रत्येक कंपनीवर बंधनकारक करावा. त्यात तूट येत असेल, तर ती निधीतून भरून द्यावी. आणि भरणा चुकला, तरी निदान तीन महिने येणारे फोन बंद करू नयेत. प्राधिकरण सूचना मागविते, तेव्हा तो मसुदा इंग्रजीत निघतो आणि त्यावर प्रामुख्याने कंपन्या व महानगरांतील ग्राहक संघटना उत्तरे धाडतात. डिंभ्याच्या वरच्या अंगाहून तेथे पत्र जाणार नाही. घोडेगाव, मंचर, जुन्नर येथील शिक्षकांनी आणि कचेऱ्यांतील मंडळींनी ते लिहावयास हवे. आमच्या स्नेह्यांना मी हे सांगितले. त्यांनी मसुदा तपासून देण्याचे कबूल केले आहे.